ईटच्या जोडीदाराचं पान

आमच्या घरी सर्वपित्री अमावास्येला एक पान जास्तीचं असायचं. आजा-पणजांची पानं वाढून झाली की माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, स्वतः उठून ते वाढायचे. खीर, वडे, आमटी, गवारीची भाजी. कुणाचं म्हणून पाहुण्यानं विचारलं तर घरातलं कुणीही सांगायचं, "ईटच्या जोडीदाराचं." आबा तरुणपणी इंग्रजांच्या पलटणीत खेचरं सांभाळायला होते. जनावरं राखणाऱ्या घरातली माणसं, त्यामुळे काम अंगवळणी पडलेलं. ईट गावचा एक जण त्यांच्याबरोबर होता. लढाईत माघार घेताना सगळे बोटीनं निघाले आणि तो दर्याकाठी राहिला. एवढंच आम्हाला माहीत होतं आणि तेवढ्यावर आमचं समाधान होतं.

पुढं मला मास्तरकी लागली ती नेमकी ईटला. शेजारच्या घरात एक म्हातारी राहायची, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. माझं गाव कळंबकडचं आहे आणि आबा माझे आजोबा आहेत हे कळल्यावर तिनं मला हाताला धरून आत नेलं, चहा पाजला.

"तुमच्या आज्यानंच सांगितलंय मला, मास्तर. मागच्या बोटीत चढताना त्येंनी माझ्या मालकाला डोळ्यानं पायलंय. ती बोट कुठं लागली, कुणाला ठावं. येत्याल की कवातरी."

ही बाई दरवर्षी वटपौर्णिमेला उपास धरून वडाला दोरा गुंडाळत होती, आणि तिच्याच नवऱ्याला मेलेला धरून आम्ही घरात जेवू घालत होतो.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि खऱ्याची मला भारी खुमखुमी होती. नवा मास्तर, दुसरं काय! रविवारी एसटीनं गावी गेलो आणि ओसरीवर आबांना गाठून सरळ विचारलं. आधी ते माझ्यावर डाफरले. मग पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि बोलायला लागले.

"जनावरं हितंच सोडा, माणसं तेवढी चढा, असा हुकूम झाला. पर खेचर खाऊ घालणाऱ्याच्या मागं चालतंय रे. समदे एकदम निघालो असतो तर ती धक्क्यावर घुसली असती, पाण्यात पडली असती. म्हणून निम्म्यांनी दावी धरून थांबायचं, निम्म्यांनी चढायचं. धरणाऱ्यांना दुसरी बोट येणार हुती. म्या धरणाऱ्यात हुतो. जोडीदार चढणाऱ्यात."

"मग?"

"म्या त्याला हाक मारली. म्हणलं, धर जरा, आलोच. त्यानं धरली. म्या गेलो ते बोटीत जाऊन बसलो."

दुसरी बोट आलीच नाही. आपली बोट सुटल्यावर आबांनी मागं वळून पाहिलं होतं. जोडीदार गर्दीत त्यांनाच शोधत होता. "खूण करायला हात वर करावा, तर त्याचं दोन्ही हात दाव्यांनी भरल्यालं," आबा म्हणाले आणि रडायला लागले. एवढ्या मोठ्या माणसाला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला दया यायला हवी होती, पण आला तो रागच.

मी हट्ट धरला, तिला खरं सांगा. पुढच्या आठवड्यात आबांना घेऊन ईटला गेलो. म्हातारी सुपात तूर पाखडत होती. आबांनी खाली बसून सगळं सांगितलं, एक शब्द झाकला नाही. ती सूप खाली ठेवून ऐकत राहिली.

"त्यालाच का दिली दावी, भावजी?"

"तो सोडणारा न्हवता, वैनी."

ती उठून दार लोटून आली आणि हळू आवाजात बोलली.

"मला का ठावं न्हाई व्हय? इतकी वर्सं बोट चालती का कुठं? पर तुमच्या त्या एका शब्दावर म्या पंगतीत म्होरं बसले. लेकीसुनांच्या ओट्या भरल्या. न्हायतर सोळाव्या वर्साला कपाळ पुसून मागं बसवली असती मला. आता म्हातारपणी बसवू नगा."

"मग म्या काय करू, वैनी?"

"त्याचं पान वाढायचं बंद करा. मालक जित्ता हाय माझा."

परतीच्या एसटीत आबा खिडकीबाहेर बघत होते. ढोकीच्या कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांमागं आमची गाडी रेंगाळत चालली होती. कळंब आल्यावर म्हणाले, "तेवढं एकच करत हुतो रे त्याच्यासाठी." त्या वर्षी सर्वपित्रीला पानं वाढून झाली, आबा सवयीनं अर्धवट उठले आणि परत खाली बसले. पुढं चार वर्षं ते जगले, पण त्या दिवशी त्यांना घास जात नसे. हे माझ्यामुळं झालं, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आज सत्तरी गाठतानाही वाटतं.

म्हातारी त्यांच्यानंतर बरीच वर्षं राहिली. ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळंबला स्थायिक झालो होतो. मोटारसायकल काढून गेलो. तिला हिरवं लुगडं नेसवलं होतं, कपाळभर मळवट भरला होता. सवाष्ण गेली म्हणून गावातल्या बाया तिच्या कपाळाचं कुंकू आपल्या कपाळी लावून घ्यायला दाटीनं उभ्या होत्या. त्यांतली एक नवी सून माझ्याजवळ आली. तिचा नवरा फौजेत होता, सीमेवर.

"गुरुजी," तिनं विचारलं, "आजीचं मालक खरंच बोटीत चढलं हुतं का?"

"चढले होते," मी म्हणालो. "माझ्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिलं होतं."