सबनीस काकांच्या टिकल्या

परदेशात, प्लेनोच्या आमच्या मराठी मंडळात कोणी नवी कार घेतली की तो किस्सा फार तर आठवडाभर पुरतो. सबनीस काकांच्या गराजमधले किस्से मात्र साठतच जातात, कारण तिथे काडतुसं कमी आणि गप्पा जास्त भरल्या जातात. काका पुण्याचे, रिटायर्ड इंजिनिअर. पिस्तूल-रायफलची काडतुसं घरी भरायची हा त्यांचा छंद. त्यासाठी टेबलावर एक हातप्रेस बसवलाय आणि त्याच्यावर काकांचा काकूंइतकाच जीव आहे. "इतकाच?" असं काकू विचारतात.

गेल्या वर्षी काकांना मोतीबिंदू निघाला. मुलगी प्राची फोनवर म्हणाली, "बाबा, वन मिस्टेक. एक जरी काडतूस फुसकं निघालं, तर प्रेस विकायचा." काकांनी शब्द दिला आणि झोप घालवून बसले.

*

काडतुसाच्या बुडाशी प्रायमर बसवतात. आम्ही त्याला टिकली म्हणतो. दिवाळीतल्या टिकलीसारखीच घोडा पडला की ठिणगी देते. पिस्तुलाची वेगळी, रायफलची वेगळी, त्यातही लहान-मोठी. काका दुकानात एकेक डबी उलटीसुलटी करत बसतात. एकदा काकू कारमध्ये कंटाळून आत आल्या. "मला बघायला आलात तेव्हा पोहे संपायच्या आत होकार दिलात. टिकल्यांना मात्र अख्खी दुपार?"

काका डबी वाचता वाचता म्हणाले, "तेव्हा चॉइस कुठे होता?"

त्या संध्याकाळी काकांनी कुकर स्वतः लावला.

*

टेबलापाशी काकांचं सोवळं असतं. फोन बंद, हात कोरडे, एका वेळी एकच डबी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चिवडा खाता खाता एक टिकली उचलून बघितली. काकांचा चेहरा पडला. "तेल लागलं. बाद झाली ती."

"सॉरी काका. आता काय करू?"

"तिचं काही करू नकोस. तू चिवडा संपव आणि घरी जा."

*

डॉक्टर मेश्राम नागपूरचे, रिटायर्ड भूलतज्ज्ञ. पिस्तुलाच्या टिकल्या मिळेनात म्हणून त्यांनी रायफलच्या आणल्या. "मापात बसते ना बाप्पा, मग काय प्रॉब्लेम?"

"रायफलच्या टिकलीचा पत्रा जाड असतो," काका म्हणाले. "तुमच्या पिस्तुलाचा घोडा हळुवार. त्याला ती फुटायची नाही."

डॉक्टर कसले ऐकतात! रेंजवर घोडा पडला, टक्. टिकलीवर पुसटसा खळगा, बाकी शांतता. डॉक्टर म्हणाले, "पेशंट दचकला, पण उठला नाही."

भूलतज्ज्ञाने असं बोलू नये, असं काकूंचं मत पडलं.

*

दसरा झाल्यावर प्राची प्लेनोला आली. "चला रेंजवर. बाबांच्या काडतुसांनी मी फायर करणार." काकू, डॉक्टर, मी, सगळेच गेलो.

तिने काकांचं पिस्तूल रोखलं. घोडा पडला. टक्.

अशा वेळी पिस्तूल समोरच रोखून थोडं थांबायचं असतं. प्राची थांबली, आम्हीही थांबलो. काकांच्या बॅगेतून टिकल्यांची रिकामी डबी डोकावत होती. तिच्यावर ठळक अक्षरांत रायफल लिहिलं होतं. डॉक्टरांनी मला डोळ्यांनीच दाखवली. काका पांढरेफटक पडले होते. मला फार वाईट वाटलं.

प्राचीने काडतूस काढलं, पिस्तूल खाली ठेवलं आणि वळली. तिने काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "माझीच चूक. खंडेनवमीला प्रेसची पूजा केली ना मी. टिकल्यांना हळदकुंकू वाहिलं आणि वर पळीभर पाणी शिंपडलं. भिजल्या असणार."

काकांनी तोंड उघडलं. काकूंनी बघितलं. काकांनी मिटलं.

प्राची आईकडे बराच वेळ बघत राहिली. "ओके, आई. मग प्रेस राहू दे. पण यापुढे प्रत्येक डबी आधी डॉक्टरकाका चेक करतील."

"करतो ना," डॉक्टर म्हणाले.

त्या वर्षी अख्खं नवरात्र काकू एडिसनला होत्या. प्राचीच्या घरी.