सोनेरी थराला लावलेली धार

बोथट वस्तू दिसली की आमच्या ह्यांचे हात शिवशिवतात. उभा जन्म कारखान्यात हत्यारांना धार लावण्यात गेला. निवृत्त झाले, तर मागच्या गॅलरीत चाक आणून बसवलं आणि घरघर माझ्या डोक्याशी कायमची आली. शिवणकाम करणाऱ्या शेजारणीनं एकदा कोरी कात्री नुसती दाखवायला आणली, तर तिलाही धार! कौतुक केलं की फुगतात, रागावलं की ऐकत नाहीत. शेवटी मी नाद सोडला.

सून आली तीही लेथवर धातू कातणारी. मग काय, सासरा-सुनेचं गूळपीठ! मी आपली बसायचे भाजी निवडत.

तिच्या कारखान्यात इंजिनाचे भाग होतात. धातू भारी चिवट. कापताना इतका तापतो की साधं हत्यार टिकतच नाही. म्हणून हत्याराच्या सुट्या, कापणाऱ्या टोकांवर पातळ सोनेरी थर चढवलेला असतो, तो उष्णता सोसतो. सून तिथे हंगामी होती. एक कडं ठरल्या वेळात कातून दाखवायचं, जमलं तर नोकरी कायम. परीक्षेच्या आदल्या दिवशी मिळालेली टोकांची डबी तिनं घरी आणली आणि माझ्याबरोबर बाजारात आली.

तेवढ्यात ह्यांनी डबी उघडली. नखावर टोक फिरवून पाहिलं. थर नीट बसावा म्हणून त्याची कड मुद्दाम जराशी गोल ठेवतात, पण ह्यांच्या काळी असले थर होते कुठे? 'पोरीला बोथट हत्यारं देतात म्हणजे काय!' असं म्हणत बसले चाकावर. एकूण एक टोक घासलं, पुसलं, डबीत जसंच्या तसं ठेवलं. तिला न सांगता, प्रेमानं!

दुसऱ्या दिवशी ती पडलेल्या चेहऱ्यानं आली. हे दारातच, "धार कशी होती गं?"

"छान होती, बाबा. मलाच वेळ पुरला नाही."

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. तेव्हा कुठे कळलं. कडेचा थर गेलेला, पहिल्याच टोकाचा कोळसा झाला. मग बिचारीनं मशीनचा वेग उतरवून कडं मापात बसवलं, पण वेळ संपली होती. सुपरवायझरनं विचारलं, हे कोणाचे प्रताप? ती म्हणाली, माझेच. हत्याराची एवढीही जाण नाही म्हणून त्यानं तिला नापास केलं.

"बाबांना सांगू नका हं, आई."

आता माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तिला कुठलं ठाऊक! बाहेर आले आणि ह्यांच्यावर तुटून पडले. "लावा अजून धार! पोरीच्या पोटावर पाय दिलात!"

हे चाकाकडे पाठ करून बसले. चहासुद्धा घेतला नाही. मला आपलं वाटून गेलं, जरा जास्तच बोलले.

सकाळी हे इस्त्रीचा शर्ट घालून थेट कारखान्याच्या फाटकावर. सुपरवायझरला म्हणाले, "गाढवपणा माझा आहे साहेब, पोर खोटं बोलली. काय बोलायचं ते मला बोला." सुपरवायझरनं आधी डोक्याला हात लावला, मग हसू आवरेना. म्हणाला, "वेग उतरवायची अक्कल तिला होती, तेव्हाच मला शंका यायला हवी होती." परीक्षा पुन्हा घ्यायचं ठरलं.

टोकांची नवी डबी घरी आली, पण हे तिच्या वाऱ्यालाही उभे राहिले नाहीत. परीक्षेच्या संध्याकाळी सून आली ती हसतच. पास! मी तिला मिठीच मारली. हे मात्र खाली मान घालून म्हणाले, "पहिल्याच दिवशी माझं नाव का नाही घेतलंस?"

"घेतलं असतं, तर तुम्ही पुन्हा माझ्या कुठल्या वस्तूला हात लावला असतात का, बाबा?"

हे चष्मा काढून पुसत बसले. मग माझ्यावरच खेकसले, "बघत काय उभी राहिलीस? पोर दमून आलीय, जेवायला वाढ तिला."