अंगात मुरलेलं औषध

महिना होत आला, तरी दुपारी फोन वाजला की माझा हात चटकन पुढे होत नाही. त्या दुपारी महाळुंग्याहून आक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, फोन आला होता. "दिलीप, ह्ये टोमॅटोत औषध मारता मारता पडल्यात. तोंडाला नुसता फेस आलाय रं..." मंचरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा दाजींच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी औषधाचं नाव विचारलं. मला बाटली पाहायची गरज नव्हती, ती मीच विकली होती. दोन दिवस इंजेक्शनं चालली. मग श्वास थांबला.

कीटकनाशकांचं दुकान मी वीस वर्षं चालवतोय. दाजी स्वतःचं रान उरकून शेजाऱ्यांच्या कांद्यातही हौसेनं फवारायला जायचे. पंपाचं नोझल तुंबलं की तोंडात धरून फुंकायचे, थुंकायचे आणि पुढच्या सरीला लागायचे. मी ओरडलो की हसायचे. "पावणं, तुमी नुसतं इकायचं. आमाला काय होत न्हाई, लई मुरलंय अंगात." असं मुरलेलं विष सवयीचं होत नाही, दर फवारणीला माणूस आतून थोडा थोडा खचतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. शेवटचे दुकानात आले तेव्हा घामानं डबडबले होते, पापणी सारखी उडत होती, विष चढत असल्याच्याच खुणा. "ऊन लागलंय दाजी, सरबत घ्या," म्हणालो आणि औषधाची बाटली पुढे केली. दुकानात गर्दी होती... ही सबब मी रोज स्वतःला सांगतो, रोज ती अपुरी पडते. दुकान बंदही करवत नाही. कीड पडायची ती पडतेच, आणि लोक औषध मागायला येतातच. फार थकलोय.

परवा दाजींचे फवारणीचे कपडे घेऊन यायचे म्हणून हातमोजे घेऊनच आक्काकडे गेलो. ती गोठ्यात दाजींच्या सदऱ्याची बाही नाकाशी धरून उभी होती. मी सदरा ओढून पिशवीत कोंबला, तशी चिडली.

"ऱ्हाऊ दे की! त्यांचा वास हाय त्याला."

"आक्का, दाजींचा नाय गं तो. औषधाचा हाय. माझ्या दुकानातला."

हौदावर नेऊन मी तिचे हात साबणानं धुतले, दोनदा, तीनदा. तीस वर्षं त्या माणसाबरोबर संसार केलेली माझी बहीण पाण्याकडे बघत म्हणाली,

"मंग त्यांचा कसा व्हता रं?"

मलाही आठवेना.