विरुद्ध बाजूच्या बोराटे मॅडम

बोराटे मॅडम बारामतीच्या आमच्या कॉलेजच्या क्रीडाशिक्षिका, पण त्यांचा अर्धा जीव दुसऱ्यांच्या कॉलेजात. आम्हाला बीच व्हॉलीबॉल शिकवून झालं की स्कूटर काढायच्या आणि इंदापूरकडच्या पोरींना तोच खेळ शिकवायला निघायच्या. पगार आमच्या कॉलेजचा, घाम भलतीकडं. मी आणि माझी जोडीदार सारिका चिडायचो. आपल्याला हरवायला आपल्याच मॅडमनी पोरी तयार करायच्या, हा कुठला न्याय?

एकदा मी तोंडावर विचारलंच. त्या पाईपनं वाळूवर पाणी मारत होत्या; उन्हात ती वाळू तळपाय भाजून काढायची. वर न बघता म्हणाल्या, "अगं, समोर कुणी न्हाय तर तू काय जाळीशी भांडणार हायेस?"

गोष्ट खरी होती. या खेळात संघ दोघींचाच. एकीचं लग्न ठरलं की संघ गेला. कॉलेजं नावं द्यायची आणि काढून घ्यायची. पुरेसे संघ आले नाहीत तर आमच्या विभागातून हा खेळच बंद करणार, असं वरून कळवलं होतं. म्हणून मॅडम पोरींच्या दारोदार हिंडायच्या. लोणी भापकरच्या एका आबांनी विचारलं, "पोरीनं वाळूत उड्या मारून काय हुणार?" मॅडम म्हणाल्या, "काय हुत न्हाय आबा. भूक लागती, झोप चांगली येती." आबा हसले, चहा पाजला, पोरगी मात्र धाडली नाही.

मॅडमच्या घरी कुणी नव्हतं. डबा एकट्याच खायच्या. आम्ही शेजारी बसलो तर म्हणायच्या, "जावा की गं, एसटी चुकंल तुमची."

त्या वर्षी विभागीय स्पर्धा आमच्याच मैदानावर होती. मांडव, पंच, सरबत, सगळं तयार. दुपारपर्यंत आली ती इंदापूरकडच्या कळंबची निकिता, मॅडमनीच शिकवलेली, तीही एकटी. मान खाली घालून म्हणाली, "जोडीदारणीला बघायला पाव्हणं आल्यात, मॅडम." बाकी कुणी फिरकलं नाही. पंचांनी नियमाप्रमाणे आम्हाला विजयी लिहून टाकलं. सारिका खूश झाली. मला कसंसंच झालं.

मॅडमनी चपला काढल्या, पदर खोचला आणि निकिताच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, तुमचं लिहून झालं न्हवं? आता शिट्टी वाजवा. लांबनं आलीय पोरगी." मग आमच्याकडं बघून, "मुद्दाम सोडून खेळलात तर याद राखा."

आम्ही सोडलं नाही. मॅडम धापा टाकत पळायच्या, पडायच्या, उठून निकिताला टाळी द्यायच्या. इतके दिवस त्यांना रेषेबाहेर उभं राहून ओरडतानाच पाहिलं होतं. वाळूत माखून, हरत असताना, त्या पोटभर हसत होत्या.

पुढच्या वर्षी विभागातून खेळ गेला, मॅडम निवृत्त झाल्या. मध्यंतरी त्यांच्या खोलीवर गेले होते. करमतं का विचारलं, तर म्हणाल्या, "न करमून सांगायचं कुणाला?" चहा ओतता ओतता त्यांनी निकिताची चौकशी केली. तिचं लग्न झालं एवढंच मला ठाऊक होतं.

"बोलावलं न्हाय मला," त्या म्हणाल्या. "बोलवाय पायजे हुतं. माझ्या उभ्या जन्मात तेवढीच एक जोडीदार."