शुभांगीताईंची ठेंगणी झाडं

सिंगापूरच्या उकाड्यात कानटोपी घालून फिरणारी एकच व्यक्ती मी पाहिली आहे, आमच्या शुभांगीताई. विद्यापीठातल्या थंड खोलीतून त्या बाहेर यायच्या आणि टोपी काढायची विसरून तशाच हॉकर सेंटरला जेवायला जायच्या. लोक वळून बघायचे. "बघू देत," त्या म्हणायच्या, "मी आत्ताच डोंगरावरून उतरलेय."

ताई पुण्याच्या. हिमालयात मोठे वृक्ष जिथे संपतात, त्याच्या जरा वर, स्पंजासारख्या काळ्या ओल्या मातीच्या उतारांवर गुडघ्याएवढी झुडपं एकमेकांना धरून वाढतात. त्या झुडपांवर ताईंचं संशोधन होतं. तिथून आणलेली रोपं त्यांनी त्या थंड खोलीत जगवली होती. मी त्यांच्या हाताखाली प्रोजेक्ट करत होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे काय विचारावं आणि काय विचारू नये, हेच मला कळायचं नाही.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "ताई, ही अशी खुरटलेली का?"

"खुरटलेली म्हणजे वाढायचं होतं पण जमलं नाही," त्या म्हणाल्या. "हिला उंच व्हायचंच नाहीये. ठेंगणी म्हण. अंग चोरून बसते म्हणून तर वाऱ्यात टिकते."

हवामान तापलं तर काय होईल हे पाहायला त्यांनी काही रोपं जरा उबदार कपाटात ठेवली होती. ती भराभर वाढली. "किती छान वाढलीत!" मी म्हणाले. आमच्याकडे काहीही वाढलं की आनंदच होतो. ताईंनी एक फांदी बोटाने हलकेच वाकवली. "अगं, असल्या काडीवर बर्फ पडला की संपलं." मग माझा उतरलेला चेहरा पाहून म्हणाल्या, "मीसुद्धा आधी टाळ्याच वाजवल्या होत्या."

मग ताईंचं कंत्राट संपलं आणि थंड खोली दुसऱ्यांना मिळाली. ताई रोपांसाठी जागा शोधत हिंडल्या. कुठे खोली रिकामी नव्हती, कुठे बाहेरून आणलेली माती चालत नव्हती. नियमाप्रमाणे अशी रोपं मातीसकट वाफेच्या यंत्रात मारूनच टाकावी लागतात.

मी भीत भीत म्हणाले, "एक माझ्या फ्रीजमध्ये ठेवू? चोआ चू कांग भागातल्या माझ्या फ्लॅटवर?"

"कोथिंबिरीशेजारी, अंधारात?" ताई खूप दिवसांनी हसल्या. "तुझी रूममेट चटणी करेल तिची." मग गंभीर झाल्या. "नको गं. ही माती इथली नाही. तिच्यातून काय पसरेल, सांगता येत नाही. नियम बरोबर आहे. तोच तर त्रास आहे."

ठरल्या दिवशी सकाळी खोली उघडली, तर एका झुडपावर फिकट पिवळं फूल उमललं होतं. इतक्या दिवसांत पहिलंच. "आजच सुचलं होय गं तुला?" ताई त्या झुडपाला म्हणाल्या. लॅब सांभाळणारे लिम अंकल दारात ट्रॉली घेऊन उभे होते. त्यांनी फूल पाहिलं आणि ट्रॉली मागे फिरवली. "वन मोअर डे, कॅन लाह." आणखी एक दिवस चालेल, असं त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत.

तो दिवस ताई त्या झुडपासमोर स्टूल टाकून बसून राहिल्या. मी अधूनमधून चहा नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी रोपं स्वतःच्या हातांनी यंत्रात ठेवली. फूल असलेलंही. बटणही त्यांनीच दाबलं. काम झाल्यावर दार उघडलं, तशी वाफ बाहेर आली आणि सगळा कॉरिडॉर सुगंधाने भरला. लिम अंकल लगबगीने आले. "अगरबत्ती कोणी लावली?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

ताई माझ्याकडे वळल्या. "सांग त्यांना," त्या हळूच म्हणाल्या, "तिकडचे लोक हीच पानं देवापुढे धूप म्हणून जाळतात."

मी अडखळत इंग्रजीत सांगितलं. अंकलनी हातमोजे काढले आणि त्या उघड्या यंत्रासमोर हात जोडून उभे राहिले. थोड्या वेळाने ताईंनीही हात जोडले.