गावरान कोंबड्याची पारख

मांजरसुंब्याजवळच्या त्या बारमध्ये आपला कोंबडा नेऊन दिला की रस्सा करून देतात. पुण्याहून मेव्हणा आला, म्हणून मी घरचा गावरान घेऊन गेलो. दोन बाटल्या बिअर संपली तरी ताट येईना. मी मालकावर डाफरलो.

"गावरान हाय, शिजायला येळ लागतोच," तो म्हणाला.

शेवटी रस्सा आला. मेव्हणा पहिल्याच घासाला म्हणाला, "हे ब्रॉयलर वाटतंय."

माझं डोकंच फिरलं. "तुमा पुण्यावाल्यांना काय कळतंय बे? ही चव फक्त गावरानला!" असं म्हणत मी तिसरी वाटी ओरपली.

तेवढ्यात भटारखान्यामागून, रोज माझी झोपमोड करणारी ती घोगरी बांग ऐकू आली.

मेव्हणा शांतपणे म्हणाला, "खरंय दाजी. गावरान ते गावरानच. शिजला तरी आरवतोय."