उन्हात ठेवलेलं तर्कशास्त्र

"हातात देऊ नकोस. गच्चीवर ने आणि कठड्यावर उघडं ठेव, उन्हात."

बाईसाहेब दारात उभ्या होत्या. मी दोन पायऱ्या खाली. माझ्या हातात तर्कशास्त्राचं पुस्तक होतं, पहिला भाग, महिनाभर वाचून परत करायला आणलेला. मी गच्चीवर गेले, पुस्तक ठेवलं. मागोमाग त्या तांब्या घेऊन आल्या. मला दूर सरायला सांगितलं आणि पुस्तकावर गंगेचं पाणी शिंपडलं. एकदा नाही, तीनदा. माझा हात लागला म्हणून. पानं फुगली. मी काय म्हणाले? "हो, बाईसाहेब." मला सतरावं वर्ष होतं. त्या 'हो'ची अजून लाज वाटते.

आम्ही महार. बाईसाहेबांच्या नवऱ्याच्या, म्हणजे साहेबांच्या, ऑफिसात माझा बा शिपाई. साहेबांची पुण्याहून कलकत्त्याला बदली झाली, तेव्हा त्यांनी खटपट करून बालाही इकडे आणलं. भवानीपूरला ते दुसऱ्या मजल्यावर राहायचे. बा, आई आणि मी जिन्याखालच्या खोलीत. बा ऑफिसात त्यांचा शिपाई, घरी त्यांचा गडी.

साहेब सुधारक होते. अस्पृश्यता कायद्याने गेली, हे आल्यागेल्याला ऐकवायचे. आमच्या शिपायाची मुलगी कॉलेजात जाते, हेही ऐकवायचे. मी इंटरला लॉजिक घेतलं, तेव्हा त्यांच्या मुलाची जुनी पुस्तकं मला वाचायला मिळतील असं त्यांनीच ठरवलं. दोन भाग होते. पहिला परत केला की दुसरा. विकत घ्यायची आमची ऐपत नव्हती. कॉलेजच्या लायब्ररीत एकच प्रत, आणि ती कायम कुणाकडे तरी. परीक्षा दीड महिन्यावर. दुसरा भाग मिळाला नाही तर अर्धा पेपर कोरा. हे मला ठाऊक होतं, वरच्या मजल्यालाही ठाऊक होतं. पुस्तकाला दोन दिवस ऊन लागू दे, रविवारी ये, असं मला सांगण्यात आलं.

दुसऱ्याच दिवशी वर्गात प्रोफेसरांनी प्रत्येकीला स्वतःचा एक युक्तिवाद लिहायला सांगितला. दोन विधानं आणि त्यांतून निघणारा निष्कर्ष. बंगाली मुलींनी मासे लिहिले, कवी लिहिले. मी लिहिलं: सगळ्या महारांचा विटाळ होतो. मी महार आहे. म्हणून माझा विटाळ होतो.

पुढे बरीच वर्षं मी लोकांना सांगत असे की ते मी रागाने लिहिलं. खोटं. मला ते खरं वाटत होतं. दोन अधिक दोन चार लिहावं तसं लिहिलं.

प्रोफेसर म्हातारे होते, तपकीर ओढायचे. माझा कागद त्यांनी वर्गात वाचला नाही. तास संपल्यावर मला थांबवलं. म्हणाले, "रचना बिनचूक आहे. पहिलं वाक्य खरं आहे, हे तुला कुणी सांगितलं?"

कुणी सांगितलं? सगळ्यांनीच. आईनेसुद्धा. मग त्यांनी उभ्या उभ्याच समजावलं. रचना बरोबर असली म्हणून विधान खरं ठरत नाही. आणि जी दोन विधानं एकदम खरी असू शकत नाहीत, ती दोन्ही कुणालाही ठेवता येत नाहीत. एक सोडावंच लागतं.

घरी आले तर बा रस्त्याकडेच्या नळावर बादली भरत होता. कलकत्त्यात हुगळीलाच गंगा म्हणतात; तिच्या न गाळलेल्या पाण्याचा तो नळ. गढूळ पाणी, त्याने रस्ते धुवायचे. वरच्या घरात पिण्याचं पाणी भरायला ओडिया बामण ठेवला होता. त्या कळशीला बाने हात लावायचा नाही. पण शिंपडायला, देवघर पुसायला गंगेचं पाणी लागायचं, ते रोज सकाळ-संध्याकाळ बा वाहायचा. मी बादलीकडे बघत राहिले. माझ्या हाताचा विटाळ ज्या पाण्याने धुतला, ते पाणी माझ्या बापाच्या हातचं होतं.

मी रोज हे बघत होते. एकदाही दिसलं नव्हतं.

रविवारी वर गेले. पाहुणे बसले होते, पुण्याकडचेच, नवीन बदली होऊन आलेले. साहेबांनी मला दारातच उभं केलं. ही आमच्या शिपायाची मुलगी, लॉजिक शिकते, म्हणाले. काहीतरी म्हणून दाखव. पोपटाला सांगावं तसं.

मी बाईसाहेबांना विचारलं, "गंगेचं पाणी बा आणतो. ते विटाळत नाही?"

"गंगेला विटाळ नसतो," त्या म्हणाल्या. कौतुकानेच म्हणाल्या.

"आणि तिचं पाणी लागेल ते शुद्ध होतं?"

"होतंच."

"मग मी त्याच नळाच्या पाण्याने रोज अंघोळ करते. माझा हात लागून पुस्तक कसं विटाळलं?"

पाहुण्यांनी कप खाली ठेवला. बाईसाहेबांचा चेहरा लाल झाला. त्या म्हणाल्या, तुमचं वेगळं असतं. मी म्हटलं, तेच विचारतेय, काय वेगळं असतं? तेवढं एक वाक्य बोलून दाखवा. त्या आत निघून गेल्या. माझ्या युक्तिवादातलं ते पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ होतं, आणि त्या खोलीत कुणाचीही ते उच्चारायची हिंमत नव्हती.

साहेब हसले. सुधारक लोक चिडत नाहीत. त्यांनी दुसरा भाग कपाटातून काढला, लांबूनच स्टुलावर ठेवला. "घे, अभ्यास कर. परत देताना तेवढं उन्हात ठेवायचं. घरातल्या बायकांचं ऐकावं लागतं."

पुस्तक हाताच्या अंतरावर होतं. अर्धा पेपर तिथे पडला होता. मला ते हवं होतं, भूक लागल्यासारखं हवं होतं.

मी म्हटलं, "उन्हात ठेवायचं असेल तर नको."

मी खाली उतरले. बाने जिन्यातून सगळं ऐकलं होतं. तो ओरडला नाही. बादलीशेजारी बसला आणि म्हणाला, "पोरी, नोकरी त्येंच्या हातात हाय. माफी माग जा."

मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी बाने बादली उचलली आणि वर नेली. मी अडवलं नाही. तो आमच्या पोटासाठी वाहत होता.

दुसरा भाग मी कॉलेजात उतरवून काढला. एक वर्गमैत्रीण मधल्या सुट्टीत तिचं पुस्तक द्यायची, मी व्हरांड्यात बसून लिहायची. पुरा झाला नाही. जेवढा झाला तेवढ्यावर परीक्षा दिली. निकाल वरच्या मजल्यावर कळवला नाही.

वहीच्या पहिल्या पानावर मी माझा तो जुना युक्तिवाद पुन्हा लिहिला आणि त्याच्या पहिल्या वाक्यावर काट मारली. ते वाक्य माझं नव्हतं. माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. आता माझ्यासमोर कुणी ते गिळून नुसता निष्कर्ष फेकला, तर मी निष्कर्षावर भांडत बसत नाही. ते पहिलं वाक्य मोठ्याने बोलायला लावते. चार माणसांत, त्याच्याच तोंडाने. तो बोलेपर्यंत मी दारातून हलत नाही.